चीनचं पंप केसिंग ८८ रुपये किलो : दर जुळवायचा की आयटम सोडायचा?

शिरोली_नाका | सोमवार, सकाळी १०:४०

विषय जुनाच आहे, पण या खेपेला आकडे समोर ठेवून बोलूया म्हणून नवा धागा.

उदाहरण असं धरा. पंपाचं बिडाचं (कास्ट आयर्नचं) केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ग्रेड एफजी २६०, तयार वजन १४ किलो, महिन्याला ३०० नग, म्हणजे ४.२ टन. फेटलिंग (जादा धातू घासून काढणं), शॉटब्लास्ट (छऱ्यांच्या माऱ्यानं सफाई) आणि प्रायमर करून कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातून पोहोच दर ११२ रुपये किलो. गिऱ्हाईक टेबलावर चीनचं कोटेशन टाकतं, ८८ रुपये, आणि म्हणतं, "एवढ्यात बसतंय का बघा."

प्रश्न तीन.
१) ८८ हा खरा दर आहे का?
२) दर जुळवायचा, की आयटम सोडून द्यायचा?
३) "ड्युटी लावा" ही मागणी कायम चालू असते. लागली तर लहान फाउंड्रीला त्यातून नक्की काय मिळतं?

शिव्या, देशभक्ती आणि "आपल्या मालाला क्वालिटी हाय" ही तिन्ही बाजूला ठेवून लिहा.

रंकाळ्यावरचा_वारा | १०:५२

शिव्या बाजूला ठेवल्या तर कोल्हापूरकरानं लिहायचं तरी काय?

जकातनाका | ११:३०

पहिला प्रश्न त्या कोटेशनला विचारा : ८८ कुठला? बंदरावर जहाजात चढवून दिलेला, म्हणजे एफओबी असेल, तर तो तुमच्या ११२ शी लावून बघायचाच नाही. तुमचा दर गिऱ्हाइकाच्या दारातला आहे, त्याचा शांघाय नाहीतर निंगबोच्या धक्क्यावरचा.

किलोमागे हिशेब :

एफओबी ८८. भाडं आणि विमा ५ धरू (२० फुटी कंटेनरात साधारण २२ टन बीड बसतं, वजनाची मर्यादा जागेच्या आधी लागते). सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासकट दर, झाला ९३. पंपाच्या भागांना मूळ कस्टम ड्युटी ७.५ टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ८.२५ टक्के. ७.६७ रुपये. आता १००.६७. न्हावाशेवाचं हँडलिंग, एजंट आणि कोल्हापूरपर्यंतचा ट्रक मिळून ३.५०. दारात १०४.१७.

आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के १००.६७ वर लागतो, म्हणजे १८.१२ रुपये. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो खर्चात धरू नका. पण माल सोडवायच्या आधी रोख भरावा लागतो, हे विसरू नका.

एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) मात्र तपासा. तेच कास्टिंग कच्चं "बिडाची इतर वस्तू" म्हणून येतं की मशीन केलेला "पंपाचा भाग" म्हणून, यावर दर बदलतो. कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर ड्युटीचं गणित फुकट करून मिळतं.

आकडेमोड | ११:५८

जकातनाका, उत्तम. तुमच्या १०४.१७ च्या पुढं मी नेतो. पैशाचा दर महिना १ टक्का धरलाय.

चीनला ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजात चढल्याच्या कागदावर). आगाऊ रक्कम माल येण्याआधी अडीच महिने अडकते, बाकीची साधारण महिनाभर, आयजीएसटी क्रेडिट वापरेपर्यंत आणखी महिना. तिन्ही मिळून किलोमागे दीड रुपया. १०५.७०.

आता साठा. कंटेनर २२ टनांचा, खप ४.२ टनांचा. एक कंटेनर सव्वापाच महिने पुरतो. सरासरी २.६ महिन्यांचा माल गोदामात पडून राहणार : २.७० रुपये. १०८.४०.

मशीनवर चढल्यावर ३ टक्के नग ब्लोहोल (वायूची पोकळी) किंवा सँड इन्क्लुजननं (आत अडकलेल्या वाळूनं) गेले, तर ते निंगबोला परत कोण पाठवणार? ३.२० रुपये. एकूण १११.६०.

उलट बाजूला इथला फाउंड्रीवाला ११२ मध्ये नाकारलेला नग बदलून देतो आणि ९० दिवस उधारी सोसतो. ती उधारी गिऱ्हाइकाला किमान ३ रुपयांची पडते. म्हणजे त्याच्या लेखी इथला खरा दर १०९.

८८ विरुद्ध ११२ हा सामनाच खोटा आहे. खरा सामना १११.६० विरुद्ध १०९.

शिरोली_नाका | १२:०५

नाद खुळा! हे दोन प्रतिसाद छापून कोटेशनच्या फाईलला जोडण्यासारखे आहेत.

खरेदी_खातं | दुपारी १:२०

थांबा, हार एवढ्यात घालू नका. खरेदीच्या बाजूनं बघितलं तर आकडेमोड यांनी प्रत्येक खाती चीनला वाईटात वाईट आकडा दिलाय.

कंटेनरात एकच आयटम कोण आणतं? केसिंग, बेअरिंग हाउसिंग, बॅकप्लेट, तिन्ही मिळून महिना १२.६ टन केलं की कंटेनर पावणेदोन महिन्यांत संपतो. साठ्याचा खर्च २.७० वरून ९० पैशांवर. दुसरं, तिसऱ्या-चौथ्या लॉटला रिजेक्शन ३ टक्के राहत नाही. पहिल्या लॉटला त्रयस्थ इन्स्पेक्टर बंदरावर पाठवला आणि पुढच्या बिलात डेबिट नोट कबूल करून घेतली की १ टक्क्यावर येतं. १.१० धरा.

१०५.७० + ०.९० + १.१० = १०७.७०. उधारीसकट धरलेल्या तुमच्या १०९ पेक्षा सव्वा रुपयानं स्वस्त, आणि बिलावरच्या ११२ पेक्षा सव्वाचार रुपयांनी.

शिवाय उधारीचे ३ रुपये हा तुमचा गुण म्हणून मोजताय. तो गुण नाही, ते तुमचं रक्त आहे.

आकडेमोड | १:३५

मिक्स कंटेनरचा मुद्दा मान्य. पण तीन आयटम एकदम चीनला गेले की तीन पॅटर्नही (साच्याचे नमुने) तिकडं गेले. ड्रॉइंगमध्ये फ्लँजचं एक भोक सरकलं, तर वाटेवरचा आणि गोदामातला सगळा माल भंगार. त्याचा आकडा किलोमागे काढता येत नाही, म्हणून मी धरला नव्हता.

फेटलिंग | १:५०

खरेदी_खातं यांच्या शेवटच्या वाक्याला +१००.

उधारीबद्दल : एमएसएमईडी कायदा २००६ च्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडं पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणं बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. आणि आयकराचं ४३बी(एच) आल्यापासून मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. पण हे फक्त सूक्ष्म आणि लघु गटातल्या उत्पादकांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी. एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी, उलाढाल १०० कोटी. मध्यम गटाला ४३बी(एच) लागू नाही, व्यापाऱ्यालाही नाही. उद्यम (एमएसएमई नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापलेला नसेल तर समोरचा "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला मोकळा.

चीनला ३० टक्के आगाऊ देणारा गिऱ्हाईक इथं ९० दिवस लावतो, यावर चर्चा करायची तर ४५ दिवसांना १०९ आणि ९० दिवसांना ११२ असे दोन दर एकाच कागदावर द्या. निवड त्याला करू दे.

टंच | ३:१०

चांदीच्या हुपरीकडनं एक मुद्दा. प्रत्येक "स्वस्त आयात" ही कमी मजुरीमुळं स्वस्त नसते.

थायलंडहून साधे चांदीचे दागिने यायला लागले तेव्हा इथं लोक पैंजणाची मजुरी कमी करत बसले. पण फरक मजुरीत नव्हताच. चांदीच्या विटेवर ड्युटी (जुलै २०२४ आधी १५ टक्के, नंतर ६) आणि आसियान (आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या) करारातून येणाऱ्या दागिन्यावर शून्य. म्हणजे दागिन्याच्या रूपात चांदीच येत होती. अशा मालाशी मजुरी उतरवून लढणं म्हणजे स्वतःच्या हातानं घट वाढवणं. शेवटी डीजीएफटीनं (विदेश व्यापार महासंचालनालयानं) सप्टेंबर २०२५ मध्ये साध्या चांदीच्या दागिन्यांची आयात "मुक्त" वरून "प्रतिबंधित" (परवान्याशिवाय बंद) केली, ३१ मार्च २०२६ पर्यंत.

तेव्हा आधी बघायचं : फरक मजुरीचा, ड्युटीच्या फटीचा, की बिलात किंमत कमी दाखवल्याचा? तिघांचं औषध वेगळं.

जकातनाका | ३:२५

टंच यांच्याशी सहमत. भर एवढीच, की आसियान कराराची सवलत घ्यायला त्या देशात किमान ३५ टक्के मूल्यवर्धन आणि एचएस उपशीर्षकात बदल, असा साधारण नियम आहे. सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार (उगमाच्या पुराव्याच्या) नियमांमुळं नुसतं उगम प्रमाणपत्र पुरत नाही. माल तिथं कसा बनला याची माहिती आयातदारानं स्वतःजवळ ठेवायची असते. चिनी माल व्हिएतनामचं लेबल लावून येतोय अशी शंका असेल, तर एचएस कोड, बंदर आणि बाजारातला दर असं सगळं लिहून कस्टम्सला कळवा. "सगळा माल तसाच येतो" अशा अर्जावर कोणी काही करत नाही.

मागवाला | ४:०२

इचलकरंजीची गंमत सांगतो. मार्च २०२४ मध्ये काही सिंथेटिक निटेड कापडांना किलोला साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लावली. नंतर आणखी कोड घातले. बातमी वाचून माग चालवणाऱ्यांनी पेढे वाटायचं काही कारण नव्हतं, कारण आपण विणतो ते वोव्हन, ताणा-बाण्याचं. कोड दुसरा. फायदा झालाच तर वळणावळणानं.

शिवाय स्वस्त आयातीवर ओरडणाऱ्या शेडमध्ये जाऊन बघा, रॅपिअर आणि एअरजेट माग कुठून आलेत ते. जुने युरोपचे, नवे चीनचे. आयात मशीनची असेल तर "आधुनिकीकरण", कापडाची असेल तर "संकट".

पायताण | ४:१५

आमच्या कोल्हापुरी चपलेचं पण घ्या की. २०१९ ला जीआय मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे. पण जीआय नावाला आहे, आकाराला नाही. रेक्झिनचा पट्टा आणि रबरी तळ लावून तसल्याच आकाराची चप्पल कोणी "एथनिक सँडल" म्हणून विकली, तर जीआय काही करू शकत नाही. जून २०२५ ला मिलानच्या रॅम्पवर ती दिसली तेव्हा सगळ्या देशाला हे कळलं. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं टॅनिंग...

संपादक | ४:२०

पायताण, चपलांचा वेगळा धागा काढा, तिथं जोरात बोलू. इथं बीड चालू आहे.

रंकाळ्यावरचा_वारा | ४:२२

बीड म्हणजे जिल्हा न्हवं, हे पण संपादकांनी स्पष्ट करावं. बाहेरगावची मंडळी गोंधळतील.

कलम_९ए | सायंकाळी ६:४५

तिसऱ्या प्रश्नावर कोणीच आलं नाही म्हणून लिहितो.

"ड्युटी लावा" यात तीन वेगळी हत्यारं आहेत, तिन्ही कस्टम्स टॅरिफ कायदा १९७५ मधली. अँटी-डम्पिंग (कलम ९ए), परदेशी सबसिडीविरुद्धची (कलम ९) आणि अचानक वाढलेल्या आयातीविरुद्ध सेफगार्ड (कलम ८बी). चौकशी वाणिज्य मंत्रालयाचं डीजीटीआर करतं, शिफारस करतं. लावायची की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं.

अँटी-डम्पिंगमध्ये लोक इथं अडखळतात :

स्वस्त म्हणजे डम्पिंग नव्हे. निर्यातीचा दर "सामान्य मूल्या"पेक्षा (साधारणपणे त्यांच्या घरच्या बाजारातल्या दरापेक्षा) कमी आहे हे दाखवावं लागतं. फरक २ टक्क्यांहून कमी असेल तर प्रकरण तिथंच संपतं. मग इथल्या उद्योगाला हानी झाली हे दाखवायचं, आणि ती त्याच आयातीमुळं झाली हेही. वीज महागली आणि मागणी पडली म्हणून झालेली हानी त्यात चालत नाही.

अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं, आणि बाजूनं-विरोधात बोलणाऱ्यांच्या एकत्रित उत्पादनात अर्ध्याहून जास्त. आता सांगा, देशभर विखुरलेल्या फाउंड्र्यांमधून पंप केसिंगचे २५ टक्के गोळा कोण करणार? चौकशीच्या साधारण १२ महिन्यांचा आणि त्याआधीच्या ३ वर्षांचा आयटमवार उत्पादन खर्च लागतो. वहीतला "सगळं मिळून टनाला इतके" हा हिशेब चालत नाही.

वेळ : सुरुवातीपासून ६० दिवसांच्या आत तात्पुरती ड्युटीही लागत नाही, अंतिम निष्कर्षाला एक वर्ष, वर सहा महिने वाढ. लागली तर ५ वर्षं.

स्मॅक, गोशिमा, मॅक या इथल्या उद्योजक संघटना आणि फाउंड्रीमनची संस्था यांनी मिळून करण्यासारखं पहिलं काम म्हणजे आयटमवार खर्चाचा एकसारखा नमुना ठरवून प्रत्येक सभासदाला तो भरायला लावणं. अर्ज पुढची गोष्ट. तो नमुना नसेल तर वकील महागडा असूनही उपयोग शून्य.

अवांतर : युरोपनं २०१८ साली चीनच्या बिडाच्या मॅनहोल झाकणांवर अँटी-डम्पिंग ड्युटी लावली. त्याच चौकशीत भारतही होता, भारताविरुद्धची चौकशी ड्युटी न लावता बंद झाली. ही दारं दुसऱ्या बाजूनंही उघडतात.

कुपोला | ७:३०

९ए यांनी हत्यार सांगितलं, मी त्याची उलटी धार सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून १८ टक्क्यांपेक्षा कमी राखेच्या मेट कोकवर (भट्टीत जाळायच्या कोकवर) देशनिहाय आयात कोटा आला, देशी कोकवाल्यांना संरक्षण म्हणून. कुपोला (कोकवरची भट्टी) चालवणाऱ्याला कमी राखेचा कोक मिळेनासा होऊन राख वाढली की कोक जास्त लागतो, धातू थंड उतरतो, स्लॅग वाढतो, गंधक वाढतं. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड लागली. पत्रा महागला की सीआरसीए (पातळ पत्र्याच्या) भंगाराचा दर त्याच्या मागं पळतो.

म्हणजे कच्चा माल संरक्षित आणि तयार कास्टिंग उघड्यावर. दोन्हीकडून मार. संरक्षण मागताना साखळीत आपल्या वर कोण आणि खाली कोण, हे बघितल्याशिवाय निवेदनावर सही करू नका.

रंकाळ्यावरचा_वारा | ७:४१

डोकं तापलं. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन येतो, तोवर कुणीतरी ती सव्वाचार रुपयांची सोय करा.

बिडाचा_गोळा | रात्री ९:१५

करतो सोय. खरेदी_खातं यांचा १०७.७० मान्य करून बघू, ४ रुपये फाउंड्रीच्या आत सापडतात का. देशभरातल्या चर्चेपेक्षा हा भाग आपल्या हातातला.

यील्ड. वितळवलेल्या धातूतून चांगलं कास्टिंग किती, हे पुष्कळ ठिकाणी मोजतच नाहीत. ५८ टक्के असेल तर १ टन मालासाठी १,७२४ किलो वितळवावं लागतं. ६६ केलं तर १,५१५. फरक २०९ किलो. इंडक्शन भट्टीला टनाला ६२० युनिट धरा, युनिटला ९ रुपये : १,१६६ रुपये. जळून जाणारा धातू, लायनिंग आणि वेळ धरून किलोमागे दीड रुपया.

रिजेक्शन. नाकारलेल्या नगातला धातू परत मिळतो, पण वीज, वाळू, कोअर (पोकळी ठेवायला साच्यात बसवलेला गाभा), मजुरी जाते. ती किलोला ५५ धरली, तर ८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्यानं अडीच रुपये वाचतात.

दीड अधिक अडीच, चार झाले.

रिजेक्शनमध्ये आधी वाळू बघा. ओलावा ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते त्याचं माप) ४० च्या आसपास, दर दोन तासांनी टेस्ट आणि फळ्यावर नोंद. परत येणारी वाळू ५० अंशांच्या वर गरम असेल तर मिक्सरमधला ओलावा खोटा दाखवतो. साच्यापर्यंत पोहोचेस्तोवर पाणी उडतं, कडा सुटतात आणि वाळू कास्टिंगमध्ये. एप्रिल-मेत हे ठरलेलं. पावसात उलट : उघड्यावरची नवी वाळू ओली, बेंटोनाइट मातीची पोती दमट, मग पिनहोल (बारीक छिद्रं).

दुसरं इनॉक्युलेशन, म्हणजे ग्रॅफाइट नीट तयार व्हावं म्हणून घातलेली भर. ०.२ ते ०.३ टक्के, लेडलमध्ये धातू पडताना, आणि ८-१० मिनिटांत ओतून मोकळं. त्यापुढं असर उतरतो, पातळ कडा पांढऱ्या कडक होतात, गिऱ्हाइकाच्या सीएनसीचा इन्सर्ट तुटतो आणि अख्खा लॉट परत. शेवटचे पाच साचे जुन्या धातूनं भरायची सवय इथंच महाग पडते.

फेटलिंग | ९:४०

यील्ड ५८ वरून ६६ लिहिणं सोपं आहे. रायझर (गोठणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा साठा) लहान करायला एक्झोथर्मिक स्लीव्ह (उष्णता देणारं वेष्टण) लावली आणि ती नगाला २० रुपयांना पडली, तर १४ किलोवर किलोमागे १.४३. तुमचा दीड रुपया तिथंच गेला.

बिडाचा_गोळा | ९:५८

बरोबर पकडलंत, म्हणून स्लीव्ह शेवटी. राखाडी बीड गोठताना ग्रॅफाइट फुगतं, त्यामुळं ते स्वतःलाच बरंचसं भरून काढतं. अट एवढीच की साचा घट्ट हवा, बी स्केलवर ८५-९० हार्डनेस. साचा ढिला असेल तर ते फुगणं साच्याच्या भिंती ढकलण्यात जातं, वजन वाढतं आणि आत आकसण्याची पोकळी. मग लोक रायझर आणखी मोठा करतात.

क्रम असा : आधी साच्याचा हार्डनेस, मग कार्बन ३.२५-३.३५ आणि सिलिकॉन २ च्या आसपास स्थिर, मग एका बॉक्समध्ये एकाऐवजी दोन नग सामाईक रनरवर (धातूच्या वाटेवर), मग रायझर थोडा थोडा कमी करत प्रत्येक पायरीला पाच नग कापून बघायचे आणि पाण्याच्या दाबावर गळती तपासायची. जाड बॉसच्या ठिकाणी तरीही पोकळी राहिली, तरच तिथं स्लीव्ह किंवा चिल (लवकर थंड करणारा लोखंडी तुकडा). सगळ्या नगांना सरसकट नाही.

खरेदी_खातं | १०:२०

आता हे वाचून खरेदीच्या बाजूनं खरं सांगतो. चार रुपये उतरवलेत तर बरंच, पण खरेदीवाला ज्यासाठी चीनचं कोटेशन मागवतो ते पुष्कळदा दुसरंच असतं : "मंगळवारी देतो" म्हणालेला माल पुढच्या सोमवारी. आठवड्याला ७५ नग ठरल्या दिवशी येत असतील, प्रत्येक हीटचा (वितळवणीचा) केमिस्ट्री आणि टेन्साइलचा कागद सोबत असेल, तर गोदामात पंधरा दिवसांचा साठा ठेवावा लागत नाही. तो अर्धा टक्का तुम्ही दराच्या बोलणीत मागू शकता.

आणि एक. ज्या आयटमला दहा वर्षं ड्रॉइंग बदललेलं नाही, महिन्याला २० टन लागतं, तो आयटम चीनला जाणार. त्याच्या मागं धावू नका. २०० ते ५०० नग, दर सहा महिन्यांनी बदल, कोअर गुंतागुंतीची, असा माल कंटेनरवाल्याला नकोच असतो.

शिरोली_नाका | मंगळवार, सकाळी ९:०५

सगळ्यांचे आभार. परत मूळ उदाहरणावर येतो. ३०० नगांचं केसिंग खरेदी_खातं यांच्या दुसऱ्या गटात बसतंय, म्हणजे सोडायचं नाही. ८८ ला जुळवायचंही नाही. कोटेशन असं मांडतोय, चुका काढा :

९० दिवस उधारी : ११२.
४५ दिवस : १०९.
४५ दिवस, वर्षभराचं शेड्यूल आणि आठवड्याला ७५ नग : १०८.
पिग आयर्न आणि सीआरसीएच्या दरात ठरलेल्या पायापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दर त्या प्रमाणात वर-खाली.
मशीनिंगमध्ये सापडलेला दोषी नग ७२ तासांत बदलून.
सोबत जकातनाका, आकडेमोड आणि खरेदी_खातं यांचा ८८ ते १०७.७० चा तक्ता.

आकडेमोड | ९:२०

१०८ वाली ओळ यील्ड सुधारायच्या आधी देऊ नका. आज ५८ टक्के आणि ८ टक्के रिजेक्शनवर त्या ओळीत तुमचे अडीच रुपये जातायत. ४५ दिवसांमुळं दीडच वाचतो, तुम्ही १०९ ला आधीच तीन सोडलेत.

शिरोली_नाका | ९:२६

बरोबर. मग ४५ दिवसांना ११०.५०, आणि शेड्यूलची ओळ तीन महिन्यांनी, वाळूचा फळा भरायला लागल्यावर.

बिडाचा_गोळा | ९:३१

फळा आजच टांगा. आणि पहिल्या आठवड्यात एकही आकडा सुधारून लिहू नका, खडूला सांगून ठेवा.